यवतचे डास

दर पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण वाढू लागले की एक वाद हमखास पेटतो. पुण्यात त्याला विशेष धार येते, कारण राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था याच शहरात आहे. २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात झिकाचे रुग्ण सापडले, चिकुनगुनियाने घराघरांत माणसे अंथरुणाला खिळवली, आणि लगेच विचारणा सुरू झाली: १९५२ पासून इथे डासांतून पसरणाऱ्या विषाणूंचा अभ्यास चालू आहे, मग सत्तर वर्षांत या मंडळींनी आपल्याला दिले काय? डेंग्यूवर औषध नाही, चिकुनगुनियावरही नाही. एकेका शास्त्रज्ञाची तीस-पस्तीस वर्षांची कारकीर्द गेली कुठे? संशोधनाच्या बाजूने याला जे उत्तर दिले जाते तेही मला तितकेच कच्चे वाटते. विज्ञानाला वेळ लागतो, जिज्ञासेला हिशेब विचारू नये, संशोधकाला मोकळीक हवी, असे ते उत्तर असते. ते खोटे नाही, पण कोणत्याही कामाचे, अगदी निरुपयोगी कामाचेही, समर्थन त्याच शब्दांत करता येते. एक बाजू औषधाच्या बाटलीने मोजते आणि दुसरी मोजमापालाच नकार देते.

माझे म्हणणे असे आहे की या विषाणूंच्या अभ्यासकाची कारकीर्द मोजलीच पाहिजे, कारण ती जनतेच्या पैशावर उभी असते. पण माप योग्य हवे. साथ येण्याआधी, कोणी विचारत नव्हते तेव्हा, त्याने काय पाहिले, काय नोंदवले, काय जपून ठेवले, आणि साथ आल्यावर त्यावाचून आपले किती अडले असते, हे ते माप. या मापाने पाहिले तर पुण्यात झालेले काम बरेच मोठे ठरते. त्याच मापाने हेही दिसते की तीन-तीन वर्षांचे प्रकल्प आणि कंत्राटी नेमणुका यांच्या चौकटीत असे काम उभेच राहू शकत नाही. आपण वाद घालायचा तो यावर.

चिकुनगुनियाचेच उदाहरण घेऊ. हा विषाणू प्रथम लक्षात आला तो १९५२-५३ मध्ये, आजच्या टांझानियात. माकोंडे भाषेतल्या त्याच्या नावाचा अर्थ 'वाकवून टाकणारा' असा आहे. भारतात तो १९६३ साली कोलकात्यात दिसला, पुढच्या दोन वर्षांत मद्रास, वेल्लोर, विशाखापट्टणम आणि नागपूरपर्यंत पोहोचला. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याची मोठी साथ आली आणि शंभरातली सदतीसहून अधिक माणसे आजारी पडली. त्यानंतर तो भारतातून जणू नाहीसाच झाला. पुण्याच्या संस्थेच्या तेव्हाच्या संचालक खुर्शीद पावरी यांनी १९८६ साली एका वैद्यकीय नियतकालिकात याच गोष्टीची नोंद केली: चिकुनगुनिया भारतातून आणि आग्नेय आशियातून दिसेनासा झाला आहे. रोग येतो तेव्हा सगळेच लिहितात. तो गेला आहे, हेही लिहून ठेवण्यासारखे वाटायला त्या रोगाशी अनेक वर्षांचा परिचय लागतो. पण त्या काळात चिकुनगुनियाचा अभ्यास करणाऱ्या माणसासमोर आजचा प्रश्न ठेवला असता तर काय झाले असते? जो रोग देशात नाही त्याच्या विषाणूंचे नमुने वर्षानुवर्षे गोठवून ठेवण्यावर खर्च कशाला, असे कोणत्याही हिशेबनिसाने विचारले असते, आणि त्याच्या हिशेबात कुठेही चूक दाखवता आली नसती.

२००० साली पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या यवतमध्ये पकडलेल्या एडिस इजिप्ती डासांमध्ये चिकुनगुनियाचा विषाणू सापडला. देवेंद्र मौर्य हे कीटकशास्त्रज्ञ, जे पुढे याच संस्थेचे संचालक झाले, आणि त्यांचे सहकारी यांनी ही गोष्ट २००१ साली प्रसिद्ध केली. बार्शीच्या साथीला तेव्हा सत्तावीस वर्षे होऊन गेली होती. मग २००५ च्या अखेरीस आंध्र आणि कर्नाटकातून बातम्या येऊ लागल्या, २००६ मध्ये मराठवाड्यातली गावेच्या गावे तापाने आणि सांधेदुखीने वाकली, आणि त्या एका वर्षात देशभरात तेरा लाखांहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. ज्यांनी ते दिवस पाहिले आहेत त्यांना ताप उतरल्यानंतरही महिनोन्महिने भिंतीचा आधार घेत चालणारी माणसे आठवत असतील.

साथीतल्या विषाणूची जुन्या नमुन्यांशी तुलना केली तेव्हा जे निघाले ते जपून ठेवलेल्या नमुन्यांमुळेच निघू शकले. १९६३ ते १९७३ या काळातले भारतीय विषाणू आशियाई जनुकीय प्रकारचे होते. २००५-०६ चे विषाणू आफ्रिकी प्रकारचे होते, आणि यवतच्या डासांतला विषाणूही आफ्रिकीच होता. म्हणजे बार्शीचा जुना विषाणू कुठे दबा धरून बसलेला नव्हता. नवा आला होता, आणि साथीच्या निदान पाच वर्षे आधी तो पुणे जिल्ह्यात होता. हे केवळ वंशावळीचे कुतूहल नाही. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर त्याच सुमारास याच आफ्रिकी विषाणूत एक छोटा बदल झाला होता, ज्यामुळे तो एडिस अल्बोपिक्टस या दुसऱ्या डासात सहज वाढू लागला; २००७ मध्ये तो बदल झालेला विषाणू केरळात सापडला. एडिस इजिप्ती घरातल्या साठवलेल्या पाण्यात वाढतो, तर अल्बोपिक्टस बागांमध्ये, झाडांच्या ढोलीत, रबराचा चीक गोळा करण्याच्या वाट्यांमध्ये. विषाणूतला एक अमिनो आम्लाचा फरक कळला नसता, तर फवारणीची पथके घराघरांतली पिंपे तपासत राहिली असती आणि बागा तशाच राहिल्या असत्या.

इथे प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा येतो आणि तो टाळून चालणार नाही. यवतची गोष्ट २००१ मध्ये छापून आली होती, तरी २००६ टळले नाही. मग त्या माहितीचा उपयोग काय झाला? संशोधन-लेख वाचणारे संशोधकच. नगरपालिकेच्या आरोग्य विभागात तो लेख कोण वाचणार? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, फक्त तो कोणाविरुद्ध आहे ते पाहिले पाहिजे. १८८१ साली हवानामध्ये कार्लोस फिनले या डॉक्टरने पीतज्वर डासामार्फत पसरतो असे सांगितले आणि डासाची जातही बरोबर ओळखली. त्याची चेष्टा झाली. १९०० साली वॉल्टर रीड यांच्या अमेरिकी लष्करी आयोगाने फिनलेनेच दिलेल्या डासांच्या अंड्यांपासून प्रयोग सुरू केले, ते खरे ठरले, आणि डासांविरुद्ध मोहीम काढल्यावर काही महिन्यांत हवाना पीतज्वरातून मुक्त झाले. मधल्या एकोणीस वर्षांत जी माणसे मेली त्यांचा दोष फिनलेच्या कारकिर्दीवर टाकायचा का? पहारेकऱ्याने हाक दिली आणि वाड्यात कोणी उठले नाही, तर दुसऱ्या दिवशी पहारेकऱ्याला काढून टाकणे हा उपाय होत नाही. यवतपासून जिल्हा हिवताप कार्यालयापर्यंत बातमी पोहोचवणारी वाट नसेल तर ती वाट बांधली पाहिजे, आणि त्या वाटेची जबाबदारी संशोधक, शासन आणि महापालिका या तिघांवरही टाकली पाहिजे. संशोधकांनीही आपले काम लेख छापून संपते असे मानणे सोडले पाहिजे, एवढे या आक्षेपातून मी स्वतः शिकलो.

काही संशोधनाचा उपयोग तर ते करणाऱ्यालाही आधी सांगता आला नसता. के. आर. पी. सिंह हे पुण्याच्याच संस्थेतले शास्त्रज्ञ. (तेव्हा तिचे नाव विषाणू संशोधन केंद्र होते, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून ती उभी केली होती.) १९६७ साली त्यांनी एडिस अल्बोपिक्टसच्या अळ्यांपासून घेतलेल्या पेशी प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवण्यात यश मिळवले आणि ते 'करंट सायन्स' या भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. डासाच्या अळीचे तुकडे करून त्यांतल्या पेशी बाटलीत जगवायच्या, हे काम त्या वर्षी एखाद्या विधिमंडळ समितीपुढे समजावून सांगायचे झाले असते तर कसे सांगितले असते? १९७८ साली जपानी शास्त्रज्ञ आकिरा इगाराशी यांनी त्याच पेशींतून डेंग्यू आणि चिकुनगुनियाला विशेष संवेदनशील असा एक वाण निवडला. त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच सिंह यांचे नाव आहे. आज जगातल्या असंख्य प्रयोगशाळांमध्ये रुग्णाच्या रक्तातून किंवा डासातून असे विषाणू वेगळे करायचे असतील तर याच पेशी वापरल्या जातात. सत्तर वर्षांत काय दिले, असे विचारणाऱ्यांपैकी कितीजणांना हे माहीत आहे? आणि दुःख असे की संशोधनाची बाजू घेणारेही हे नाव घेत नाहीत; ते पेनिसिलिनची आणि न्यूटनच्या सफरचंदाची उदाहरणे देत बसतात.

आता एक असे उदाहरण, ज्यात एका माणसाने आयुष्यभर एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवला. स्कॉट हॅल्स्टेड हे अमेरिकी डॉक्टर १९६० च्या दशकात बँकॉकमध्ये काम करत होते. तिथे मुलांना डेंग्यूचा रक्तस्रावी प्रकार होत होता आणि अनेक मुले दगावत होती. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. हॅल्स्टेड यांच्या लक्षात आले की बहुतेक गंभीर आजारी मुलांना डेंग्यू दुसऱ्यांदा, म्हणजे वेगळ्या प्रकारच्या विषाणूमुळे, झालेला असतो. याला अपवाद होता तो तान्ह्या बाळांचा. त्यांना पहिल्याच डेंग्यूत गंभीर आजार होत होता, पण त्यांच्या अंगात आईकडून आलेली प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला अडवण्यासाठी शरीर तयार करते ती प्रथिने, होती. यावरून त्यांनी जे मांडले ते त्या काळच्या समजुतीच्या अगदी उलट होते: पहिल्या डेंग्यूची प्रतिपिंडे दुसऱ्या प्रकारच्या विषाणूला अडवण्याऐवजी पेशींत शिरायला मदत करतात. जी ढाल तीच वाट. अनेकांनी हे मानले नाही. विषाणूच्या काही जाती मुळातच जास्त घातक असतील, असे त्यांचे म्हणणे होते, आणि तेही अगदी निराधार नव्हते. १९८१ साली क्यूबात डेंग्यू-२ ची साथ आली; चारच वर्षांपूर्वी तिथे डेंग्यू-१ येऊन गेला होता. त्या साथीत १५८ माणसे मेली, त्यांत १०१ मुले होती. हॅल्स्टेड यांच्या मताला तिथे मोठा आधार मिळाला.

तरीही २०१६ मध्ये फिलिपिन्सने नव्याने परवाना मिळालेली डेंग्यूची लस शाळकरी मुलांना द्यायला सुरुवात केली आणि आठ लाखांहून अधिक मुलांना ती दिली. हॅल्स्टेड यांनी त्याच वर्षी इशारा दिला होता: ज्या मुलाला कधीच डेंग्यू झालेला नाही, त्याच्या शरीरात ही लस पहिल्या डेंग्यूसारखी काम करील आणि पुढचा खरा डेंग्यू त्याला दुसऱ्यासारखा, म्हणजे अधिक धोक्याचा ठरेल. नोव्हेंबर २०१७ मध्ये सनोफी या उत्पादक कंपनीनेच जाहीर केले की आधी डेंग्यू न झालेल्यांमध्ये लसीनंतर गंभीर आजाराचा धोका वाढू शकतो. मोहीम थांबली. पण त्या देशातल्या आईबापांचा सगळ्याच लसींवरचा विश्वास डळमळला, आणि २०१९ मध्ये तिथे गोवराची मोठी साथ आली. पन्नास वर्षे एकाच प्रश्नावर काम केलेल्या माणसाने औषध दिले नव्हते, लसही दिली नव्हती. त्याने फक्त एवढे सांगितले होते की या वाटेने जाताना आधी रक्त तपासा. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे हेच सांगितले. या कारकिर्दीची किंमत औषधाच्या बाटलीत कशी मोजणार?

आणखी एक आक्षेप आहे, जो मला मनापासून जवळचा वाटतो. तो असा की गरीब देशाने विषाणूंचा अभ्यास करण्याआधी नळाला रोज पाणी द्यावे. लोक पिंपे आणि रांजण भरून ठेवतात ते हौसेने नव्हे. बार्शीत, बीडमध्ये, लातूरला पाणी चार-चार, आठ-आठ दिवसांनी येते म्हणून. रोज पाणी आले तर एडिसची अर्धी घरे आपोआप मोडतील. हे शब्दशः खरे आहे आणि कोणत्याही विषाणुशास्त्रज्ञाने याला विरोध केलेला मी ऐकलेला नाही. पण हे आपल्याला कळले कसे? आजही डेंग्यू म्हटले की लोक गटाराकडे बोट दाखवतात आणि नगरसेवक गल्लीतून धूर सोडणारी गाडी फिरवतात. गटारातला डास क्यूलेक्स. डेंग्यूचा एडिस घरातल्या स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात वाढतो, दिवसा चावतो, आणि पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांमागे विसावतो, जिथे रस्त्यावरचा धूर पोहोचत नाही. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी राहिली तरी महिनोन्महिने टिकतात, म्हणून कोरडा दिवस पाळताना भांडे नुसते ओतून चालत नाही, आतून घासावे लागते. हे एकेक वाक्य कोणाच्या तरी अनेक पावसाळ्यांचे काम आहे. नळ आणि प्रयोगशाळा यांत निवड करायला सांगणारा हा आक्षेप ज्या ज्ञानाच्या जोरावर उभा आहे, तेच ज्ञान अनावश्यक ठरवतो.

तिसरे म्हणणे नव्या पिढीचे आहे: आता जनुकक्रम काही तासांत वाचता येतो, मग आयुष्यभर डासांमागे फिरणारी माणसे कशाला हवीत? या तंत्राचे मोल मी कमी लेखत नाही. पण जनुकक्रम वाचल्यावर तो ज्याच्याशी ताडून पाहायचा ते जुने नमुने कोणी जपले होते? आणि कोणत्या गावातले रक्त तपासायला घ्यायचे हे यंत्र सांगत नाही. २०२१ च्या जुलैमध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरमध्ये तापाचे रुग्ण वाढले. पहिल्या काही नमुन्यांत चिकुनगुनिया निघाला. निदान झाले, कारण कळले, तिथे थांबायला कोणाची हरकत नव्हती. तरी संस्थेचे पथक गावात गेले, आणखी नमुने घेतले, आणि त्यांत महाराष्ट्रातला पहिला झिकाचा रुग्ण सापडला. हा विषाणू १९४७ साली युगांडाच्या झिका जंगलात, पीतज्वराच्या अभ्यासासाठी पिंजऱ्यात ठेवलेल्या एका माकडात सापडला होता, आणि पुढची साठ वर्षे त्याच्याकडे जवळजवळ कोणाचेच लक्ष नव्हते. ब्राझीलमध्ये २०१५ पासून लहान डोक्याची बाळे जन्माला येऊ लागली तेव्हा जगाला त्याचे नाव कळले. बेलसरला परत जाण्याची बुद्धी यंत्रातून येत नाही. ती अनेक साथी पाहिलेल्या माणसांकडून येते.

हेही कबूल करतो की या क्षेत्रातले बरेचसे लेखन बढतीसाठी होते, तेच प्रयोग थोड्या फरकाने पुन्हा होतात, आणि निवृत्तीनंतर कोणाच्याही आठवणीत राहणार नाहीत अशा कारकिर्दीही असतात. पण याचे कारण पुष्कळ अंशी आपण लावलेले मापच आहे. लेख मोजले की लेख होतात. कोणत्या तालुक्यात कोणता डास कोणत्या महिन्यात किती, ही सलग वीस वर्षांची नोंद कोणत्याही नामांकित नियतकालिकात छापली जात नाही, म्हणून ती ठेवणाऱ्याला बढती नाही, म्हणून ती कोणी ठेवत नाही. हिवताप विभागात कीटक समाहारक नावाचे पद आहे. हातात बॅटरी आणि काचेची नळी घेऊन गोठ्यांत, घरांत डास पकडणारा आणि त्यांची जात ओळखणारा हा माणूस. यवतसारखा शोध लागतो त्याची सुरुवात अशाच हातांपासून होते. संशोधन संस्थेवर टीका करणाऱ्यांनी आपल्या जिल्ह्यात ही पदे किती आहेत आणि त्यांतली भरलेली किती, हा प्रश्न एकदा विचारून पाहावा. तो विचारायला कोणतेही शास्त्र यावे लागत नाही.

भारतात तयार होत असलेल्या डेंग्यूच्या लसीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतकपासून सुरू झाली. तिच्यात दहा हजारांहून अधिक स्वयंसेवक आहेत. ती यशस्वी व्हावी असे मला मनापासून वाटते, आणि ती आली की आजचे टीकाकार म्हणतील की अखेर काही तरी हाती लागले. पण फिलिपिन्समध्ये जे घडले ते पाहता खरे काम तेव्हा सुरू होईल. लस घेतलेल्यांपैकी ज्यांना आधी डेंग्यू झाला नव्हता, त्यांना पाचव्या, आठव्या वर्षी डेंग्यू होतो का, झाला तर कोणत्या प्रकारचा आणि किती गंभीर, हे पाहण्यासाठी तेवढी वर्षे त्याच जागी, त्याच नोंदवह्या घेऊन बसलेला कोणी तरी लागेल. चाचणीचा निधी त्याच्या कितीतरी आधी संपलेला असेल. त्या माणसाचा पगार कोणत्या शीर्षाखाली काढायचा, हे आजच ठरवले पाहिजे.